धाकटं इंजिन

९ जानेवारी

बारके,

तुझं पत्र यायच्या आधी बातमी आली. शर्यतीत वेळ लावणारे आपले शिट्टीमास्तर दुकानात आले होते. शिलाई मशीन दुरुस्तीला नव्हतं, सुई-बॉबिन काही नको होतं. काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले.

"तुझ्या बहिणीचं तारेवरचं विमान मैदानावर बघितलं परवा," म्हणाले. "वेळ लावताना वाटलं, घड्याळ बिघडलं. खिशातलं दुसरं काढलं. तेही बिघडलेलं."

आणि हसले. मीही हसले. गिऱ्हाईक समोर होतं.

मला एवढंच विचारायचं आहे की विमानावर धाकटंच इंजिन होतं ना? मास्तरांनी दुरून बघितलं, त्यांचा चष्मा जुना आहे. नवीन इंजिन घेतलं असशील तर तसं लिही, म्हणजे विषय संपला.

धाकटंच असेल तर मला कळत नाही. दोन्ही एकाच खोक्यातून आली होती. दोन्ही मीच उघडली, एकाच आठवड्यात, एकाच कानशीने. ओळखू यावं म्हणून थोरल्याच्या थंडाव्याच्या एका पाकळीवर खूण केली, नाहीतर मलाही सांगता आलं नसतं. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा धाकटं आपणहून मी तुझ्या पिशवीत घातलं. त्यानंतर मी आठवडाभर कुणाशी बोलले नाही, असं आई सांगत असते. ती काहीही सांगते.

मग धाकटं पुढे कसं गेलं? पंखा तोच आहे, मास्तरांनी बघितलाय. तुमच्याकडची हवा कोरडी आहे का?

"डॉक्टरांचा हात लागलाय म्हणतात," मास्तर जाता जाता म्हणाले.

डॉक्टर म्हणजे तुझा दातवाला. बरं.

इंजिन पाठवून दे. उघडून बघते आणि परत पाठवते. काही बदलणार नाही.

आई बरी आहे. माझ्या कपड्यांना इंधनातल्या एरंडेलाचा वास येतो म्हणून रोज कुरकुर करते, आणि तुझे जुने कपडे काढून हुंगते. त्यांनाही तोच वास आहे.

ताई


२३ जानेवारी

बारके,

पत्र मिळालं. सराव चालू आहे म्हणून इंजिन आत्ता पाठवता येत नाही, हे समजलं. मी काही घाई केली नव्हती.

'ह्यांच्या दवाखान्यातलं जुनं ड्रिल घरी आणलंय, खिडक्यांच्या कडा त्याने केल्या.' हे वाक्य मी दुकानात वाचलं आणि घरी येऊन आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "शी. लोकांच्या तोंडातलं?" मी तिला सांगितलं की टोक बदलतात. तरी तिने हात धुतले.

तू 'ह्यांच्या' कधीपासून लिहायला लागलीस? पूर्वी 'दातवाला' म्हणायचीस आणि फिदीफिदी हसायचीस.

असो. तुझ्या डॉक्टरांना काही गोष्टी कुणीतरी सांगायला हव्यात. तू वाचून दाखव.

एक म्हणजे, खिडकी म्हणजे दाढेतलं भोक नव्हे. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो त्या लायनरच्या भिंतीला ज्या खिडक्या असतात त्यातून ताजं मिश्रण आत येतं आणि जळलेलं बाहेर जातं. खिडकी केसभर वर सरकवली की इंजिन वेगात फिरताना जोर धरतं आणि हळू फिरतानाचा जोर जातो. आणि कानशीने काढलेला धातू परत लावता येत नाही. त्यांच्याकडे सिमेंट भरायची सोय असेल, आपल्याकडे नाही.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. आवळ. थंड इंजिन हाताने फिरवलं की पिस्टन वरच्या टोकाला आवळला जातो, कुईं करतो, कधी अडकतोही. नवख्या माणसाला वाटतं हा दोष आहे. दोष नाही. लायनर वर मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. तापला की फुगतो आणि तेव्हा कुठे माप बरोबर बसतं. आपल्या बँकवाल्याने काय केलं आठवतं? पॉलिश लावून घासत बसला, पिस्टन लोण्यातून फिरावा तसा फिरायला लागला. सगळ्यांना फिरवून दाखवत होता. मैदानावर इंजिन तापलं आणि त्यातला जीवच गेला. दाबच उरला नाही. नीटनेटक्या माणसांकडून ही चूक हटकून होते, आणि दाताचे डॉक्टर नीटनेटके असतात. आवळीला हात लावायचा नाही, म्हणावं.

तुला हे मी कधी समजावलं नाही कारण तुझं काम वेगळं होतं. तू उडवायचीस. मधोमध उभं राहून विमानाच्या तारांची मूठ धरायची, तारा ताणलेल्या ठेवायच्या, विमानाबरोबर गरगर फिरायचं. हाताला तेल असलं तर मूठ निसटते. म्हणून मी तुला कामाच्या बाकाजवळ येऊ देत नव्हते. तू स्टुलावर बसून बघायचीस तेवढं पुरे होतं.

हेडखाली शिम, म्हणजे त्या पातळ चकत्या, किती ठेवल्या आहेत त्यांनी? सहज विचारते.

ताई


६ फेब्रुवारी

बारके,

शिमचं उत्तर दिलं नाहीस. विचारलंस का त्यांना, की त्यांनी सांगितलं नाही? काही लोक आपली कला झाकून ठेवतात. मी तर सगळं उघड करते. बाकावर येऊन कुणीही बघावं, हात मात्र लावू नये.

थोरलं ठीक आहे. मध्यंतरी मी त्याचं तोंड थोडं मोठं केलं, जास्त हवा घ्यावी म्हणून. हवा घेतं. इंधन ओढायला थोडी कुचराई करतं, पण ते इंधनाच्या सुईवर जमवता येईल. मग दाब वाढवावा म्हणून हेडखालची एक शिम काढली. प्लगची तार गेली. प्लॅटिनमच्या तारा हल्ली वाईटच येतात. दुसरा प्लग लावला, तोही गेला. त्याच खोक्यातला होता.

आत्ता थोरलं विश्रांती घेत आहे.

आईने मागच्या दारातून ऐकलं आणि म्हणाली, "त्याला दम लागतोय गं." मी म्हटलं, तू आत जा, धूर लागेल.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, 'एप्रिलच्या शर्यतीची जोडी ठरवायची आहे, येशील का?' मला हा प्रश्नच कळला नाही. जोडीच्या शर्यतीत एकीने मधे उभं राहायचं आणि दुसरीने कडेला ओणवं बसायचं. विमान उतरलं की पंखात धरायचं, टाकी भरायची, पंखा टिचकवायचा, सोडायचं. मधली तू आणि कडेची मी. असंच होतं ना? की मला काहीतरी चुकीचं आठवतंय?

मास्तर म्हणाले की डॉक्टर तुझ्याबरोबर रोज मैदानावर असतात. इंधनाचा डबा त्यांच्या हातात असतो. मास्तरांना ते दृश्य फार गोड वाटलं. "राम-सीतेसारखी जोडी," म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, शर्यतीत गोडवा मोजत नाहीत.

त्यांना कडेला बसवायचं असेल तर सरळ लिही. येशील का, असं पाहुण्याला विचारतात. मी पाहुणी नाही. पेटत्या प्लगशी पंखा टिचकवताना माझं बोट फाटलं होतं आणि तरी आपण दुसऱ्या आलो होतो. पट्टी तू बांधलीस. रडत होतीस तूच, मी नाही.

त्यांच्या बोटाला काही झालं तर दवाखाना बंद ठेवावा लागेल. याचा विचार केलाय का त्यांनी?

ताई


२७ फेब्रुवारी

बारके,

'भेटीत बोलू. हे तिकडे येताहेत, धाकटं त्यांच्याबरोबर देते.'

एवढंच. पोस्टकार्डावर निम्मी जागा रिकामी होती.

म्हणजे बोलायचं मला तुझ्याशी आणि येणार ते. ठीक आहे. येऊ देत. बाक आवरून ठेवते. थोरलं कपड्याखाली झाकून ठेवते, त्यांनी उगाच त्यात डोकावू नये.

मला त्यांना दोन-चार गोष्टी विचारायच्या आहेत. भांडणार नाही. आईला तसं कबूल केलंय.

ताई


११ मार्च

बारके,

तुझे डॉक्टर काल येऊन गेले. सुखरूप पोचले असतील. त्यांनी तिकडे काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून इथे काय झालं ते मी लिहिते.

इंजिन त्यांनी कवळ्यांच्या डब्यातून आणलं. गुलाबी प्लॅस्टिकचा डबा, आत कापूस. मला हसू आलं, पण मी दाबलं. चहा झाला. आईने त्यांना खुर्चीत नीट बसूही दिलं नाही.

"जावई घरी आलेत तर दाढ दाखवून घेते."

"आई, त्यांना पाणी तरी पिऊ दे."

"ते पाणी पितील तोवर मी तोंड उघडून बसते."

बसली. त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढून बघितलं आणि म्हणाले, "आई, दाढ चांगली आहे. सुपारी सोडा." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हिने कळवलं वाटतं." मी काही कळवलेलं नाही. तू कळवलं असशील.

मग मी त्यांना मागच्या खोलीत, बाकाजवळ नेलं. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. खिडक्या किती उघडल्या, शिम किती, तोंड किती. एकेक विचारायचं आणि चूक सापडली की गप्प राहायचं, त्यांनाच कळू द्यायचं.

मी डब्यातून धाकटं काढलं आणि पंखा हळूच फिरवला. वरच्या टोकाला कुईं झालं आणि पंखा अडकला.

ते खुर्चीतून उठले.

"अडकलं का? ताई, अडकलं? प्रवासात काही झालं का? मी मांडीवर घेऊन बसलो होतो हो. बारकी मला घराबाहेर काढेल."

मी पंखा उलटा फिरवून सोडवला.

बारके, ज्याने ते इंजिन उघडलं असेल तो माणूस असं विचारणार नाही. ज्याने लायनरच्या कडा फिरवल्या त्याने ती आवळ शेकडो वेळा बोटाखाली ऐकली असेल. त्याला तो आवाज स्वतःच्या दाराच्या बिजागरीसारखा ओळखीचा असेल.

मी विचारलं, "सुई आत घेतली की इंधन वाढतं की कमी होतं?"

"ताई," ते म्हणाले, "मी दाढा काढतो."

"मग हे कुणी केलं?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. त्यांना इतके दिवस वाटत होतं, मला सगळं ठाऊक आहे. तू इतकी पत्रं लिहितेस म्हणजे सांगितलंच असशील.

नंतर ते बोलत सुटले. थांबवणं कठीण होतं. दवाखान्यातून घरी येतात तर जेवणाच्या टेबलावर तू त्यांचा भिंगाचा चष्मा लावून, धाकटं उघडून बसलेली. ड्रिल कसं धरायचं ते त्यांनी एकदा दाखवलं. "आठवडा झाला नाही, ती मला सांगायला लागली, तुम्ही मनगट फार वापरता. आणि खरं होतं हो. माझं मनगट दुखायचं ते थांबलं." डबा धरतात ते फक्त डबाच धरतात. इंधन तूच ओततेस.

"आणि जोडी?" मी विचारलं. "तुम्ही मूठ धरणार का मग?"

"मी? मला चक्कर येते. एकदा उभं केलं होतं तिने मधे. दोन फेऱ्यांत मी गवतावर, विमान माझ्या शेजारी."

"मग उडवणार कोण?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिने विचारलंय ना तुम्हाला? येशील का म्हणून? ती सारखी म्हणत असते, माझ्या मागे उभी राहून, हातावर हात ठेवून ताईनेच मला उडवायला शिकवलं. ताईसारख्या तारा कुणाला ताणून धरता येत नाहीत. आता बाक माझा, मूठ ताईची."

'आता बाक माझा.' असंच म्हणालीस का? ते तुझे शब्द बदलण्याइतके चतुर वाटले नाहीत.

ते गेल्यावर मी धाकटं उघडलं.

खिडक्यांच्या कडा डावीकडून उजवीकडे तिरक्या गेल्या आहेत. सगळ्या. उजव्या हाताने त्या तशा येत नाहीत. मी करून बघितलं, मनगट उलटं वळतं. शाळेत तुझ्या डाव्या हातावर पट्टी मारायचे आणि मी मुख्याध्यापकांशी भांडायला गेले होते. तोच हात.

काम कसं आहे ते लिहायलाच हवं. खिडक्या तू वर फारशा नेल्याच नाहीस. मी थोरल्यात नेल्या तितक्या नाहीत. तू त्यांची खालची धार गोल केलीस, जिथे वायू वळतो तिथे. क्रँकच्या पोटातली, मिश्रण येतं ती वाट आतून घासून गुळगुळीत केलीस, बाहेरून काही दिसू नये अशी. तोंड होतं तेवढंच ठेवलंस. शिम एकही काढली नाहीस, उलट एक घातलीस. दाब कमी करून जोर वाढवलास. मला हे सुचलं नसतं. मी आज दिवसभर त्याच्याकडे बघत बसले आणि दुकान उघडलं नाही.

आवळीला हातही लावलेला नाहीस. मी त्याबद्दल ते लांबलचक पत्र लिहिलं, ते तुम्ही दोघांनी बसून वाचलं असेल. हसला असाल.

मी दोन महिने त्या माणसाचा राग राग केला. ते सोपं होतं. परक्याचा हात चांगला निघाला तर म्हणता येतं, शिकलेला असेल, हत्यारं भारी असतील, नशीब. तुझा हात चांगला आहे म्हणजे तो इतकी वर्षं माझ्या शेजारी स्टुलावर बसलेला होता. हे कुणाच्या नावावर ढकलू?

तू मला का लिहिलं नाहीस? मीही विचारलं नाही, हे खरं. मी विचारलं ते सगळं 'त्यांना विचार' असं विचारलं.

संध्याकाळी मागच्या अंगणात लाकडाला बांधून ते सुरू केलं. पहिल्या टिचकीला लागलं. आधी ओलं, घोगरं, धूर ओकत. मग सुई आत घेत गेले तसा आवाज वर चढला आणि एका जागी येऊन स्थिर झाला. मी सुईवरून हात काढला. आणखी आत घेतली असती तर जमिनीवर आणखी पळालं असतं आणि हवेत जळून गेलं असतं. कुठे थांबायचं ते इंजिनच सांगत होतं. थोरलं असं कधी सांगत नाही. त्याच्याशी मला वाद घालावा लागतो.

आई आतून ओरडली, "कुठलं गं हे?"

"थोरलं," मी म्हटलं.

"छान झालंय मग!"

मी टाकी संपेपर्यंत ते चालू ठेवलं.

ताई


१३ मार्च

बारके,

परवाचं पत्र टाकायला नको होतं. पण टाकलं. आता हे.

आईला आज खरं सांगितलं. म्हटलं, ते थोरलं नव्हतं, धाकटं होतं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कळलं होतं. थोरल्याला दम लागतो." मग एक देठ मोडून म्हणाली, "तुझ्या तोंडावर कोण बोलणार?"

म्हणजे ते असं आहे.

एप्रिलचं. मूठ मी धरीन. माझा खांदा पूर्वीसारखा नाही, पण फिरताना मला चक्कर येत नाही आणि तारा सैल पडणार नाहीत. कालपासून अंगणात बादली दोरीला बांधून फिरवते आहे. शेजारीण विचारून गेली, बरं आहे ना सगळं.

माझी एक अट आहे. तू विमान धरशील, टाकी भरशील, सुई लावशील, तेव्हा माझी पाठ तुझ्याकडे असेल. मी वळून बघणार नाही. मला वळून बघायला लावू नकोस. म्हणजे ओरडून विचारू नकोस, ताई, बरोबर आहे का. बरोबर असेल. ते मला तारांतून कळेल.

मास्तरांना मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग इंजिन कुणाचं म्हणून लिहू?" मी म्हटलं, बहिणीचं. त्यांना वाटलं मी रागाने म्हणाले. त्यांचं फार चुकलं नाही.

डबा परत पाठवते आहे. कवळ्यांचाच. कापूस नवा घातला आहे. उघडशील तेव्हा आत दोन इंजिनं असतील. धाकटं मी पुसून ठेवलं आहे, आत काही केलेलं नाही; एक स्क्रूसुद्धा होता तसाच बसवला आहे. दुसरं कुठलं ते पाकळीवरच्या खुणेवरून कळेल.

ते आजवर माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नाही. उघड. तुझा भिंगाचा चष्मा लाव आणि नीट बघ. तोंड फार मोठं झालंय, ते मला माहीत आहे. बाकीचं काय चुकलंय ते मला माहीत नाही.

आत काय सापडलं ते मला कळवू नकोस.

कळव.

ताई